वटाव नसलेली वही

वीज तयार करणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्या कंपनीचा शेअर आज कोणत्या भावाला घेण्याजोगा आहे, हा प्रश्न दलालाच्या पेढीवरचा मानला जातो, देवळाच्या ओट्यावरचा नाही. माझे म्हणणे असे की तो दोन्हीकडचा आहे, आणि पेढीवर त्याचे जे उत्तर निघते ते ओट्यावरच्या एका प्रश्नाला बगल देऊनच निघते. हे तपासायला मुंबईच्या दलाल स्ट्रीटपेक्षा आंबेगाव तालुक्यातले तळेघर अधिक सोयीचे. घोडेगावहून डिंभ्यावरून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आसपासची वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. शेती भातखाचरांची आणि नाचणी-वरईची. रोकड हाती येते ती बरीचशी हिरड्यातून. खालच्या अंगाला घोड नदीवरच्या डिंभे धरणाचा फुगवटा, आणि पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, जो एकदम कोकणात उतरतो. ऊर्जेच्या धंद्यात पैसा घालणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या कड्यासारखी दौलत महाराष्ट्रात दुसरी नाही. माथ्यावर बेसुमार पाऊस आणि शेजारीच शेकडो मीटरांची खोल उडी. पाणी अडवायचे, नळात घालायचे आणि खाली सोडायचे. कोळसा लागत नाही, जहाज लागत नाही, आणि पाऊस दरसाल फुकट येतो.

ही दौलत पहिल्यांदा ओळखली टाटांनी. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली स्थापन झाली, तिचे भांडवल मुख्यतः भारतातच उभे राहिले आणि त्यात संस्थानिकांचा वाटा मोठा होता. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या कापडगिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. या सगळ्या योजनांची धरणे घाटमाथ्यावर, भीमेच्या खोऱ्यात आहेत. जे पाणी एरवी पूर्वेला वाहत पंढरपुरापर्यंत जायचे, त्यातले दरसाल ४० टीएमसीच्या आसपास पश्चिमेला वळवून कोकणात सोडले जाते. शंभर वर्षांनी त्याच कड्याला पुन्हा मागणी आली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. गुंतवणूक सुमारे १३,००० कोटी रुपयांची. दिवसा सौर वीज उतू जाते तेव्हा तिच्यावर पाणी वर चढवून ठेवायचे आणि संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळेला खाली सोडायचे, अशी ही पाण्याची ठेव. अकोले तालुक्यातल्या घाटघरला अशा पद्धतीचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहेच. लोणावळ्यापासून माळशेजपर्यंतचा कडा आता गुंतवणूकदाराच्या नकाशावर आहे, आणि तळेघर त्या रेघेच्या जवळपास मध्यावर.

अशा कंपनीचे मोल ठरते कसे, ते आधी सरळ समजून घेतले पाहिजे, कारण नीतीची गोष्ट करणारे लेखक हिशोबाला नाक मुरडतात आणि तिथेच फसतात. वीज-पायाभूत कंपनी ही साबण विकणाऱ्या कंपनीसारखी नसते. तिचे उत्पन्न बाजारातल्या चढउतारावर कमी आणि कागदावर जास्त अवलंबून असते: पंचवीस-तीस वर्षांचा वीजखरेदी करार, किंवा नियामक आयोगाने ठरवून दिलेला परतावा. केंद्रीय वीज नियामक आयोगाने भागभांडवलावरचा मूळ परतावा २००९ पासून साधारण १५.५ टक्के धरलेला आहे. प्रकल्पाच्या मान्य खर्चातला साधारण ३० टक्के हिस्सा भागभांडवल, ७० टक्के कर्ज. म्हणजे आयोगाने मान्य केलेला खर्च जितका मोठा, तितका परतावाही मोठा. विश्लेषक पुढच्या प्रत्येक वर्षाची अशी आवक मांडतो आणि तिला आजच्या किमतीत आणतो. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, म्हणून त्यातून वटाव कापायचा. जुना सावकार हुंडी वटवताना हेच करीत असे. वटाव वर्षाला १२ टक्के धरला तर पंचवीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ५ रुपये ८८ पैसे होते. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची सुमारे ३५ पैसे. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची, एका पैशाच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. तक्त्यात तिथे शून्यच लिहितात, आणि त्यात लबाडी काही नाही.

आता हे गणित खोपोलीला लावून पाहा. १९१५ साली बसून कुणी या रीतीने हिशोब केला असता तर आज तिथे जी वीज तयार होते तिची किंमत शून्य आली असती. ते वीजघर मात्र चालू आहे. हे झाले जमेकडचे शून्य, आणि त्याचे कौतुक धंद्यातले लोकही करतात. पण त्याच तक्त्यात एक शून्य खर्चाकडेही पडलेले असते. भिऱ्याच्या विजेसाठी बांधलेल्या मुळशीच्या धरणात पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जायच्या होत्या. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्यात ‘सेनापती’ झाले, आणि सुमारे तीन वर्षांनी सत्याग्रह हरला. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले बरेच सावकार पुण्यात राहत आणि त्यांना मोबदल्याचा भाव पटला. कसणारा मावळा त्या वाटाघाटीत नव्हताच. त्याचे जे गेले ते एका वर्षाचे पीक नव्हते. आंबेमोहोराची खाचरे होती, आणि ती राहिली असती तर त्याच्या नातवाने आणि पणतूनेही त्यात आवणी केली असती. वीजघर शंभर वर्षे चालले तसा हा तोटाही शंभर वर्षे चालला. फरक इतकाच की वीजघराचा प्रत्येक पुढचा रुपया कुणाच्या तरी खात्यात खरोखर जमा झाला, आणि मावळ्याचा प्रत्येक पुढचा दाणा १९२० च्या सुमारास एकदाच मोजून, वटाव कापून, मिटवून टाकला गेला.

इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. वटाव कापणे मुळातच अनैतिक आहे का? फ्रँक रॅम्सी या इंग्रज गणितज्ञाने १९२८ मध्ये भविष्यातले सुख केवळ ते भविष्यात आहे म्हणून हलके धरणे नीतीच्या कसोटीवर टिकत नाही, असे म्हटले होते. त्याच्या मते या वृत्तीचे मूळ आपल्या कल्पनाशक्तीच्या दुबळेपणात आहे. मला हे थोडे जास्त वाटते. तळेघरच्या बाईलासुद्धा यंदाचे भात पुढच्या दशकातल्या भातापेक्षा मोलाचे वाटणार, आणि त्यात तिची कल्पनाशक्ती दुबळी नाही. तिचे घर यंदा चालायचे आहे. पैसा दुसरीकडे लावून वाढवता येतो, उद्या अनिश्चित असतो, माणूस मर्त्य असतो. ही कारणे खरी आहेत. म्हणून रेघ दुसरीकडे ओढावी लागते. स्वतःच्या उद्याला वटाव लावायचा अधिकार माझा आहे. दुसऱ्याच्या उद्याला, त्याला न विचारता, माझ्या दराने वटाव लावायचा अधिकार मला नाही. तुकोबांची परंपरेने सांगितली जाणारी हकीकत या जागी फार नेमकी आहे. देहूच्या या महाजनाच्या घरी कर्जाची खते होती. दुष्काळानंतर संसारावरून मन उडाल्यावर त्यांनी ती इंद्रायणीत बुडवायची ठरवली. पण आधी त्यांचे दोन वाटे केले, एक धाकट्या भावाला, कान्होबाला दिला, आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खते पाण्यात सोडली. आपली येणी शून्याला वटवणे हे वैराग्य. भावाची येणी शून्याला वटवली असती तर ती चोरी झाली असती. संताला हा फरक कळत होता. तक्त्याला तो कळत नाही, कारण तक्त्यात येणे कुणाचे आणि जाणे कुणाचे याचा रकानाच नसतो.

आपल्या धर्मपरंपरेत एक अशी वही आहे जिच्यात वटाव मुळीच नाही. ती म्हणजे कर्माची. केलेल्या कृत्याचे फळ कालांतराने विरते, दहा जन्मांनी ते पैशाच्या आठव्या हिश्शाइतके उरते, असे कोणताही पंथ सांगत नाही. वेळ लागेल, पण आकडा तोच. आणि या वहीत खातेदार कोण हेही स्पष्ट आहे. योगसूत्रांत हिंसेचे प्रकार सांगताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती अनुमोदिलेली अशा तिन्ही एका रांगेत बसवल्या आहेत. जैनांची मांडणीही तीच. मनुस्मृतीचा दाखला देताना आज हात आखडतो आणि आखडावाच, पण तिच्यात मांसाच्या प्रकरणी संमती देणाऱ्यापासून विकत घेणाऱ्यापर्यंत आणि वाढणाऱ्यापासून खाणाऱ्यापर्यंत सगळ्यांना घातकच म्हटले आहे. एका प्रसिद्ध सुभाषितात करणारा, करवणारा, प्रेरणा देणारा आणि मान डोलावणारा हे चौघेही चांगल्या-वाईटात ‘समभागी’ ठरवले आहेत. शब्दांवरून तत्त्वज्ञान काढायची आपल्याकडे जुनी खोड आहे आणि मी तिच्यावर सगळा भार टाकणार नाही. तरी ‘इक्विटी शेअर’साठी मराठीने जो शब्द पत्करला तो ‘समभाग’ आहे, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही. आधुनिक कायद्याने याच्या बरोबर उलट सोय केली. भारतात १८५७ च्या कायद्याने कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी त्याने घातलेल्या पैशापुरती मर्यादित झाली. सोय मोठी होती. तिच्याशिवाय खोपोली उभी राहिली नसती, कारण कुठला शहाणा माणूस एका धरणापायी स्वतःचे घरदार गहाण टाकील? पण कायद्याने मर्यादा घातली ती नुकसानीला. कृत्यातल्या वाट्याला मर्यादा घालणे कायद्याच्या हाती नव्हतेच. भागधारकाने मात्र हळूहळू दोन्ही मर्यादा एकच समजल्या, आणि शेअर म्हणजे कृत्याचा वाटा न राहता नुसता वरखाली होणारा आकडा उरला.

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप अर्थशास्त्राकडून येत नाही, समाजातून येतो. कर्माची ही वही आजवर कुणाच्या विरुद्ध वापरली गेली? ज्याचे गाव बुडाले त्याला सांगितले गेले की तुझे पूर्वसंचित. ज्याला देवळाबाहेर उभे केले त्यालाही तेच. पीडिताच्या दुःखाचा हिशोब पीडिताच्याच नावावर मांडणारी ही वही आज नीतीचा आधार म्हणून कशी उघडता? आक्षेप खरा आहे आणि तो पूर्ण मान्य करून मगच पुढे जाता येते. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये नेमके हेच केले. मागच्या जन्माचे कर्म या जन्मी भोगावे लागते ही कल्पना त्यांनी नाकारली, आणि कृत्य व परिणाम यांच्यातल्या नैतिक संबंधाचा नियम मात्र जगाच्या नैतिक व्यवस्थेचा पाया म्हणून ठेवला. मीही वही त्याच बाजूने उघडतो. कर्माचा नियम करणाऱ्याने स्वतःला लावायचा असतो. सोसणाऱ्याच्या सोसण्याचे स्पष्टीकरण म्हणून तो वापरला की तो धर्म राहत नाही, वकिली होते. पुनर्जन्म मानायची तर इथे गरजच नाही. मला त्या वहीतून एवढेच हवे आहे: वेळ गेला म्हणून दुसऱ्याचे नुकसान कमी होत नाही, आणि अंतर वाढले म्हणून माझा वाटा पुसला जात नाही.

व्यवहारी माणूस यावर म्हणेल की शेअर मी कंपनीकडून घेतलेला नाही, बाजारात कुणा अनोळखी माणसाकडून घेतला. कंपनीला माझा एक पैसाही पोचला नाही, मग धरणात माझा हात कसा? आणि असले-नसले दहा शेअर विकून टाकले तर कंपनीला कळणारसुद्धा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्हींतून निष्कर्ष निघतो तो सामर्थ्याबद्दल, वाट्याबद्दल नाही. आज मी शेअर घेतो तेव्हा कालच्या कृत्याचा लाभांश उद्या माझ्या खात्यात यावा म्हणूनच घेतो. घेण्यामागचा हेतू फळाचा आणि मुळाशी मात्र संबंध नाही, हे कोणत्याही धर्मशास्त्रात बसत नाही. खरेदीत नीती असते ही गोष्ट आंबेगाव तालुक्याला तरी परकी नसावी. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली चिरडले गेले. एका लॉरीतल्या कापडाने मँचेस्टरची गिरणी बंद पडणार नव्हती, हे त्यांनाही कळत असणार. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. त्या पाण्यावर ५ मेगावॉटचे छोटे वीजघर चालते, आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पाणी पार करमाळ्यापर्यंत जाते. काठावरच्या ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतले कित्येक पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर हंगाम काढतात. नाव हुतात्म्याचे, पाणी खालच्याचे, गाळ वरच्याचा.

शिवाय आज भागधारक कोण आणि विस्थापित कोण, ही विभागणी वाटते तितकी स्वच्छ राहिलेली नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा एक हिस्सा २०१५ पासून निर्देशांकावर आधारित फंडांत जातो; त्या निर्देशांकात एनटीपीसी आहे, पॉवर ग्रिड आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांच्या निवृत्तिवेतनाचाही काही भाग शेअर बाजारात गुंतलेला असतो. म्हणजे या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या सरकारी आश्रमशाळेतला शिक्षक, ज्याच्या आजोबांची खाचरे कुठल्या तरी जलाशयाखाली आहेत, तो स्वतःच्याही नकळत कुठल्या तरी वीज कंपनीचा कणभर समभागी असू शकतो. याचा अर्थ सगळेच दोषी म्हणून कुणीच दोषी नाही, असा लावायचा मोह होतो. विजेचा दिवा तर तळेघरच्या घराघरात जळतो, मग बोलायचा अधिकार कुणाला, असाही टोमणा ऐकू येतो. पण दिवा लावणाऱ्यापुढे दुसऱ्या विजेचा पर्याय नसतो; शेअर घेणाऱ्यापुढे हजारो दुसरे शेअर असतात, आणि घेताना तो निवड करतो. जिथे निवड अधिक तिथे वाटा अधिक. फंडातून नकळत आलेला कण आणि वार्षिक अहवाल वाचून घेतलेले हजार शेअर यांना एकाच तागडीत घालणे हा आळशीपणा आहे.

मोठ्या हिताचा आक्षेप याहून जड आहे. कोळसा जाळणे थांबवायचे असेल तर वारा, ऊन आणि पाण्याची ठेव यांना पर्याय नाही, आणि तापत्या हवेचा पहिला फटकाही डोंगरातल्या गरिबालाच बसतो. मग चार गावांच्या गैरसोयीसाठी असे प्रकल्प अडवायचे का? बौद्धांच्या सम्यक आजीविकेत वर्ज्य ठरवलेले व्यापार पाच: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. वीज त्यात नाही, आणि माझ्या मते ती आजच्या काळातल्या सर्वांत स्वच्छ आजीविकांपैकी एक आहे. म्हणूनच प्रश्न व्यवसायाचा नाही, रीतीचा आहे. भीमाशंकर अभयारण्याच्या दक्षिणेला, खेड आणि मावळ तालुक्यांतल्या डोंगरमाथ्यांवर ११३ मेगावॉटच्या पवनचक्क्यांचा प्रकल्प आला. हरित ऊर्जाच ती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाबद्दल जे लिहिले ते मात्र हिरवे नाही: माथ्यावर यंत्रे चढवण्यासाठी जंगल फोडून केलेले रुंद, चुकीच्या चढाचे रस्ते, त्यांतून सुटलेल्या दरडी, आणि खालच्या शेतांत व जलाशयांत उतरलेला राडारोडा. वारा स्वच्छ होता, रस्ता नव्हता. मोठे हित मोठेच असते, पण ते लहान देणे फेडत नाही. ज्याने दहा जणांना जेवू घातले त्याचे अकराव्याचे कर्ज त्या पुण्याने माफ होत नाही, आणि त्या दहांमध्ये अकराव्याची गणती करून घेणे तर साफ खोटेपणा.

इथे एक सोपी पळवाट आहे आणि बरेच सज्जन लेखक ती घेतात. ते म्हणतात, अन्याय करणारी कंपनी शेवटी बुडतेच, तेव्हा नीती हाच खरा नफा. दाभोळचा दाखला हाताशी असतो. एन्रॉनच्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ मध्ये झाला, कागदावर तो गुंतवणूकदाराला स्वप्नवत होता. १९९५ मध्ये राज्याने तो रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणे थांबवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोर झाली. लोकांना न पटलेल्या करारावर उभी राहिलेली किंमत टिकत नाही, हा धडा त्यातून निघतोही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरण आणि समाज यांबाबतचा अहवाल सक्तीचा केला, त्यामागेही काहीसा हाच विचार आहे: हे सगळे धोके आहेत, धोके किमतीत दिसावेत. पण दाभोळशेजारी मुळशी ठेवून पाहा. तिथला अन्याय बुडाला नाही. शंभर वर्षे त्याने लाभांश दिला, प्रतिष्ठाही दिली. अधर्माने माणूस आधी फोफावतो आणि मग समूळ जातो, असे मनू सांगतो. मुळशीच्या बाबतीत पहिला अर्धा भाग घडला, दुसरा घडलेला दिसत नाही. अन्यायाची किंमत बाजार नेहमी वसूल करत असता तर धर्माची गरजच उरली नसती, हिशोबनीस पुरला असता. म्हणून विस्थापनाला ‘जोखीम’ या सदरात घालणे मला मान्य नाही. जोखीम म्हणजे माझ्यावर येऊ शकणारे संकट. इथे संकट दुसऱ्यावर येऊन गेलेले असते, आणि मी मोजत असतो ती ते माझ्यापर्यंत पोचण्याची शक्यता.

मग अशा कंपनीचे मूल्यमापन करणाऱ्याने करायचे काय? शेअर घेऊच नये, असे मी म्हणत नाही. तो मार्ग संन्याशाचा आहे आणि संन्याशाच्या मठातही वीज लागते. मी म्हणतो तक्ता मांडण्याआधी एक पान वेगळे काढावे आणि त्यावर वटाव न लावता लिहावे: जमीन कुणाची, वनहक्काचे दावे निकाली निघाले का, ग्रामसभेचा ठराव झाला का आणि तो खरा आहे का, पाणी कुठून कुठे वळले, देवराई वाचली का. आहुप्याच्या देवराईतली काटकीही कुणी घरी नेत नाही, कारण ती देवाच्या नावावर आहे. तिची बाजारभावाने किंमत काढणे म्हणजे तिला आधीच विकायला काढणे. या पानावरचे उत्तर ‘नाही’ असेल तर खालचा आकडा कितीही गोड असो, मूल्यमापन तिथेच संपले. यावर परतावा घटेल अशी ओरड होईल. ती निदान अर्धी खोटी आहे. नियामक आयोगाच्या दराने चालणाऱ्या प्रकल्पात पुनर्वसनाचा मान्य झालेला खर्च भांडवली खर्चात धरला जातो, म्हणजे तो भागधारकाच्या खिशातून जात नाही, उलट त्यावर परतावा मिळतो आणि भार लाखो ग्राहकांच्या बिलात पैशापैशाने विखुरतो. स्पर्धात्मक बोलीने घेतलेल्या प्रकल्पात तसे नसते. तिथे प्रामाणिकपणा महाग पडतो, आणि म्हणूनच तिथे सर्वांत कमी बोली लावणाऱ्याकडे सर्वांत जास्त संशयाने पाहायला हवे.

भागीदारीची दुसरी एक रीत याच डोंगरात आहे. पडकई म्हणतात तिला. उताराच्या जमिनीवर बांध घालून भातखाचर तयार करणे एका घराला पेलत नाही, म्हणून काही घरे एकत्र येतात आणि आज याच्या, उद्या त्याच्या रानात मिळून राबतात. वाटा आहे तो श्रमाचा, आणि ज्याच्या रानात बांध पडतो तो समोर उभा असतो. तिला आदर्श व्यवस्था म्हणून डोक्यावर घ्यायचे कारण नाही, पडकईने ट्रान्समिशन लाइन उभी राहत नाही. पण तिच्यात वाटेकऱ्याला कृत्य दिसते, आणि समभागात ते दिसत नाही. ते दिसावे यासाठी कायद्याने ठेवलेली जागा एकच, वार्षिक सर्वसाधारण सभा. ग्रामसभेत माणशी एक मत, इथे शेअरमागे एक. दहा शेअरवाल्याचे मत ठराव पाडणार नाही, पण वेगळ्या पानावरचे प्रश्न लेखी विचारता येतात आणि मत नोंदवता येते. सूचीबद्ध कंपनीच्या सभेची नोटीस प्रत्येक भागधारकाला येते, बहुतेकांच्या ई-मेलमध्ये ती न उघडता पडून असते. ई-मतदान किमान तीन दिवस खुले ठेवावे लागते, आणि ते सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होते.